ठाणे-नवी मुंबई आणि सीमेपलीकडचे बिनलष्करी धोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या सभा, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे, कॉलेजातले कार्यक्रम, कुठेही हा विषय निघाला की साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे पान. वरून खाली वाचायलाच हवे असे नाही. आपल्या कामाचा प्रश्न आधी वाचा.

ठाण्याला ना पाकिस्तानची हद्द लागून, ना चीनची. मग सीमेपलीकडचा धोका आपल्याला कसला?

हद्द लांब आहे हे खरे. पण परदेशातून येणारा माल, माणूस, पैसा आणि फोन कॉल हद्दीच्या तारेवरून उडी मारून येत नाही. तो बंदरातून, विमानतळावरून, बँक खात्यातून आणि केबलमधून येतो, आणि या चारही गोष्टी आपल्या अंगणात आहेत. उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात तिथून ७० लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तेवढी खोकी, हलली. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर आहेत. राज्याच्या विजेचा तोल सांभाळणारे लोड डिस्पॅच सेंटर ठाणे-बेलापूर रस्त्यावर, कळवा-ऐरोलीच्या सांध्यावर आहे. आता नवी मुंबईचा विमानतळही त्यात आला. पुंछ किंवा तवांगच्या माणसाला जसा बंदुकीचा आवाज ओळखीचा, तसे आपल्याला हे बिनआवाजाचे धोके ओळखीचे व्हायला हवेत.

बिनलष्करी धोक्यांत नेमके काय काय येते?

अमली पदार्थांची तस्करी, सायबर हल्ले आणि फसवणूक, माणसांची तस्करी, साथीचे रोग, समुद्रातली तेलगळती, घातक कचऱ्याची चोरटी आयात, पिकांवरच्या परदेशी किडी, खोट्या नोटा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४ च्या मानवी विकास अहवालात सुरक्षेचा विचार सैन्यापलीकडे, सामान्य माणसाच्या आरोग्यापर्यंत, अन्नापर्यंत आणि रोजगारापर्यंत नेला. तेव्हापासून अभ्यासक या सगळ्याची मोजदाद एकत्र करतात. दहशतवाद मात्र मधल्या रेषेवर बसतो. १९९३ मध्ये आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरले आणि २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातून मुंबईत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे त्याचा विस्तार केलेला नाही.

या सगळ्यामागे शत्रू देशाचाच हात असतो ना?

बहुतेक वेळा नसतो. पैशासाठी काम करणाऱ्या टोळ्या असतात, कधी निव्वळ अपघात असतो, आणि कधी कधी बाण दुसऱ्यावर सोडलेला असतो, लागतो आपल्याला.

या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण न्हावा-शेव्यातलेच आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याची सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. युक्रेनशी व्यवहार असणाऱ्या कंपन्या त्यात सापडल्या, त्यात मर्स्क ही जहाज कंपनीही होती. तिच्या गटाकडे न्हावा-शेव्यातले एक टर्मिनल होते. तिथली संगणक यंत्रणा बंद पडली, कोणता कंटेनर कुठे आहे हे कळेना, कामे हाताने करावी लागली आणि माल तुंबला. मर्स्कने स्वतःच आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने रशियन लष्कराकडे बोट दाखवले. रशियाने ते नाकारले. भांडण कीव्ह आणि मॉस्कोचे होते. उरणच्या ट्रक ड्रायव्हरचा त्यात काडीचा संबंध नव्हता, तरी सुक्याबरोबर ओलेही जळाले.

म्हणून प्रत्येक घटनेनंतर ‘कोणी केले’ हा प्रश्न जितका चघळला जातो, त्याच्या निम्म्याने तरी ‘आपली यंत्रणा कुठे उघडी होती’ हा विचारला जावा, असे आमचे मत आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली ती चीनने घालवली होती का?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, आणि उत्तर ऐकून निम्मे लोक नाराज होतात.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाचे दिवस असल्याने रुग्णालयांची धावपळ उडाली, मुंबई विद्यापीठाला ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरचा बिघाड आणि देखभालीची कामे यांची साखळी त्यामागे होती. मोठे जाळे कोसळले तरी शहराने स्वतःपुरती वीज टिकवून वेगळे व्हायचे, अशी जी व्यवस्था मुंबईसाठी केलेली आहे, ज्याला आयलँडिंग म्हणतात, तीही त्या दिवशी तग धरू शकली नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज यंत्रणेत घुसखोरीचे प्रयत्न केल्याचे त्यात म्हटले होते. मुंबईच्या अंधाराशी त्याचा थेट संबंध सिद्ध झाल्याचा दावा त्या कंपनीनेही केला नव्हता. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता असल्याचे सांगितले. त्यानंतर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ही मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असे स्पष्ट केले. वीज यंत्रणेवर घुसखोरीचे प्रयत्न होतात, ही गोष्ट मात्र त्यांनीही नाकारली नाही.

म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: कुणीतरी कुलपाशी खटपट करत होते, आणि त्या दिवशी दार आपल्याच हातून उघडे राहिले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराला एवढी गुंतागुंत सोसत नाही.

न्हावा-शेव्यात प्रत्येक कंटेनर उघडून का बघत नाहीत?

वर्षाला ७० लाख म्हणजे दिवसाला जवळपास वीस हजार खोकी. प्रत्येक उघडायचे ठरवले तर जेएनपीएपासून, म्हणजे याच बंदरापासून, पनवेलपर्यंत ट्रेलरची रांग लागेल आणि कारखाने बंद पडतील. म्हणून कस्टम खाते जोखीम व्यवस्थापन प्रणाली वापरते. आयातदार कोण, माल कुठून आला, वजन आणि किंमत जुळते का, जहाजाने वाटेत कुठे थांबे घेतले, यावरून कोणते खोके स्कॅनरखाली घालायचे आणि कोणते फोडायचे हे ठरते. बाकीचा माल सरळ सुटतो. मोठी पकड बहुतेकदा गुप्त माहितीवरून होते, आणि ते काम महसूल गुप्तचर संचालनालयाचे, म्हणजे डीआरआयचे.

ऑगस्ट २०२० मध्ये याच बंदरात १९१ किलो हेरॉईन सापडले. बांबूसारखे रंगवलेले प्लास्टिकचे पाइप, त्यात माल, आणि कागदावर आयुर्वेदिक औषध. जुलै २०२१ मध्ये जवळपास ३०० किलो हेरॉईन सापडले. दोन महिन्यांनी गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्क या मऊ दगडाच्या नावाखाली आलेले सुमारे तीन टन हेरॉईन पकडले गेले. माल अफगाणिस्तानचा, वाट इराणच्या बंदर अब्बासची. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी वाशीत आयात संत्र्यांच्या ट्रकमध्ये १९८ किलो मेथॅम्फेटामिन आणि नऊ किलो कोकेन मिळाले, आणि पुढच्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या सफरचंद आणि पेअरच्या खोक्यांत ५० किलो कोकेन.

या यादीत एक गोष्ट पाहा. दगड, पावडर, वनौषधी, फळे. जो माल लवकर नासतो किंवा ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही, तोच निवडला जातो. सीएचएकडे (कस्टम दलालाकडे), सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) किंवा फळबाजारात काम करणाऱ्यांना हे आम्ही सांगायची गरज नाही. एखाद्या नव्या आयातदाराचा माल बाजारभावाला परवडत नसतानाही येत राहिला, तर ते सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येते.

म्हणजे धोका बाहेरून येतो आणि आपण फक्त बळी?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, म्हणून आम्ही तो स्वतःच घातला आहे. नाही, आपण फक्त बळी नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या कॉल सेंटरवर छापे घातले. तिथली मुले-मुली रात्रपाळीत अमेरिकेतल्या लोकांना फोन करत होती: मी तुमच्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, पोलीस निघालेत, अटक टाळायची असेल तर आत्ताच्या आत्ता पैसे भरा. सातशेहून अधिक जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतले होते. पलीकडे घाबरून पैसे भरणारे बहुतेक वयस्कर, एकटे किंवा नव्याने त्या देशात गेलेले.

आज ठाण्यातल्या निवृत्त माणसाला ‘डिजिटल अरेस्ट’चा जो फोन येतो, त्याची संहिता जवळजवळ शब्दशः हीच आहे. फक्त फोनची दिशा बदलली.

अमली पदार्थांचेही तसेच. २०१६ मध्येच ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून टनावारी इफेड्रिन, म्हणजे मेथॅम्फेटामिन बनवायला लागणारे रसायन, जप्त केले. हा माल परदेशी टोळ्यांकडे जाणार होता, असा पोलिसांचा आरोप होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांच्या मिश्रगोळ्यांचे उत्पादन आणि निर्यात थांबवली, कारण पश्चिम आफ्रिकेत त्यांचा नशेसाठी वापर होत असल्याचे उघड झाले होते. घानातल्या एखाद्या आईच्या दृष्टीने सीमेपलीकडचा धोका म्हणजे आपण. हे मान्य केले नाही तर इतर देशांकडून माहिती मागताना आपली मागणी कच्ची पडते. अशी देवाणघेवाण एकतर्फी चालत नाही.

डिजिटल अरेस्टचे फोन नेमके येतात कुठून?

केंद्राच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने मे २०२४ मध्ये सांगितले की त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांतल्या तक्रारींपैकी सुमारे ४६ टक्के गुन्ह्यांचे धागे म्यानमार, लाओस आणि कंबोडियाकडे जातात. त्याच चार महिन्यांत एकट्या डिजिटल अरेस्टमध्ये लोकांनी १२० कोटी रुपये गमावले होते. म्यानमारच्या थायलंड सीमेवर म्यावाड्डी भागात, जिथे सरकारची सत्ता नावापुरती आणि सशस्त्र गटांची खरी, तिथे भिंतींच्या आत या फसवणुकीची आख्खी वसाहत उभी आहे. यादवी युद्ध, चिनी गुन्हेगारी टोळ्या आणि स्वस्त इंटरनेट यांची सांगड बसली आणि त्याचा फटका डोंबिवलीच्या मुदत ठेवीला बसला. प्रादेशिक सुरक्षा हा जड विषय एवढा जवळचा आहे.

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. कोणताही पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. फोन ठेवा. घरच्या कुणाला तरी सांगा. ‘कुणाला सांगू नका’ ही अट हाच त्यांचा सगळ्यात मोठा आधार असतो. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या खात्यातून फिरून क्रिप्टोत जातात. पहिल्या काही तासांत कळवले तर वाटेतल्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. पैसे गेले नसतील आणि नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवा.

मुलाला थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळतेय. जाऊ द्यावे का?

नोकरी बँकॉकची, व्हिसा पर्यटकाचा, आणि मुलाखत फक्त टेलिग्रामवर झाली असेल, तर नाही.

वर सांगितलेल्या वसाहतींत फोन करणारे सगळे राजीखुशीने बसलेले नसतात. चांगल्या पगाराच्या आमिषाने बोलावून, सीमा ओलांडून नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन कामाला जुंपलेली मुले तिथे आहेत, आणि त्यांत भारतीयही आहेत. मार्च २०२५ मध्ये भारताने अशा पाचशेहून अधिक जणांना थायलंडमधल्या माए सोतमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे पाच मिनिटांत पाहता येते. एजंट नाक्यावरचा ओळखीचा आहे, हा दाखला पुरत नाही.

कॉलेजातला मित्र म्हणतो, तुझे खाते महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो. यात काय बिघडले?

ते म्यूल खाते, म्हणजे फसवणुकीचा पैसा फिरवायला दुसऱ्याचे वापरलेले खाते. वरच्या साखळीतले दुसरे-तिसरे खाते ते हेच. टोळी म्यानमारमध्ये, पण खाते कोपरखैरण्यातले, आणि पोलीस येतात ते खात्यावरच्या पत्त्यावर. सिमकार्डाचेही तसेच. परदेशातला कॉल स्थानिक नंबरवरून आल्यासारखा दाखवणारी बेकायदा एक्स्चेंज भिवंडीत पकडली गेली आहेत, आणि ती चालतात दुसऱ्यांच्या नावावरच्या सिमवर.

आमच्या इमारतीत बंगाली बोलणारे भाडेकरू आहेत. ते बांगलादेशी आहेत की नाही हे आम्ही कसे ओळखायचे?

तुम्ही ओळखायचे नाही. भाषेवरून तर मुळीच नाही. पश्चिम बंगालमध्ये आणि त्रिपुरात कोट्यवधी भारतीय तीच भाषा बोलतात. जून २०२५ मध्ये मीरा रोड भागातून पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशात ढकलले गेले. पुढे तो भारतीय असल्याचे सिद्ध झाले आणि त्याला परत आणावे लागले. राज्यात त्याच सुमारास अशी आणखीही प्रकरणे झाली.

घरमालकाचे काम ठरलेले आहे: भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवायची, करार नोंदणीकृत करायचा, आणि परदेशी नागरिक ठेवला तर २४ तासांत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याला ऑनलाइन कळवायची. बेकायदा वास्तव्य आणि त्यामागची दलालांची साखळी खरी आहे, खोटी कागदपत्रे बनवणारेही खरे आहेत. पण त्याचा तपास कागदांवरून होतो, उच्चारावरून नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून ‘लक्ष ठेवा’ लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या फ्लॅटची भाडेकरू नोंद झाली आहे का ते पाहावे. अनेकदा तीच झालेली नसते.

पुढची साथ विमानानेच येणार का?

बहुधा. करोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीत सापडला. प्रवास दक्षिण आफ्रिका, दुबई, दिल्ली, मुंबई असा. जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या त्या प्रकाराला नाव दिले २६ नोव्हेंबरला. तोपर्यंत हा प्रवासी घरी पोचलेला होता. विमानतळावरच्या तपासणीला यापेक्षा जास्त काही जमत नाही, आणि त्यात तिची चूक नाही. खरी मदार महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर, ताप-खोकल्याच्या रोजच्या नोंदींवर आणि नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेपर्यंत वेळेत पोचण्यावर असते.

पक्ष्यांचेही थोडे सांगतो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, फ्लेमिंगो बघायला गर्दी होते. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात बर्ड फ्लू आला तेव्हा ठाण्यातल्या मृत पक्ष्यांचे नमुनेही बाधित निघाले होते. मेलेला पक्षी हाताने उचलू नका, महापालिकेला कळवा. फ्लेमिंगोंना घाबरण्याचे कारण नाही.

तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले तर वाशी मार्केटला काय फरक पडतो?

पडतो. नोव्हेंबर २०२३ नंतर येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे बहुतेक मोठी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरचा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला, भाडे वाढले. २०२४ च्या सुरुवातीला तिथे तीन समुद्री केबलही तुटल्या. हल्ला झालेल्या एका जहाजाच्या घसटलेल्या नांगराने त्या तुटल्या असाव्यात, असे मानले जाते.

परदेशी जहाज आपल्या किनाऱ्यापाशी बुडाले किंवा फुटले तर?

ऑगस्ट २०१० आठवा. ७ तारखेला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या दोन परदेशी ध्वजांच्या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले आणि काहींत कीटकनाशके होती. मुंबई आणि न्हावा-शेवा, दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तवंग उरणच्या खारफुटीपर्यंत गेला. सगळ्यांत मोठा फटका कोळ्यांना: लोकांनी मासळी घेणेच सोडले. मे २०२५ मध्ये कोचीजवळ लायबेरियाच्या ध्वजाचे एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडाले, तेव्हा केरळच्या मच्छीमारांनी हेच पुन्हा भोगले. जहाजाचा ध्वज एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, विमा तिसऱ्याचा. भरपाई मागायला जाल तर हेलपाटे ठरलेले. आपल्या बोटीची, जाळ्यांची आणि रोजच्या मासळी विक्रीची कागदावर नोंद ठेवणारा कोळी इथे इतरांपेक्षा पुढे राहतो. सहकारी संस्थेच्या पावत्या जपून ठेवा.

किनाऱ्यावर किंवा खाडीत काही संशयास्पद दिसले तर कुणाला कळवायचे?

सागरी पोलिसांची हेल्पलाइन १०९३, तटरक्षक दलाची १५५४. जवळचे सागरी पोलीस ठाणेही चालेल. नवी मुंबईत एनआरआय सागरी, उरणला मोरा सागरी. बेवारस बोट, वाहून आलेला कंटेनर, किनाऱ्यावर पांढऱ्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचा थर, यातले काहीही असो, हात न लावता कळवा. फोटो काढलात तर पोलिसांना द्या, ग्रुपवर नको. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ रायफली असलेली बोट लागली आणि तासाभरात दहशतवादी उतरल्याच्या बातम्या फिरल्या. ती एका ऑस्ट्रेलियन महिलेची नौका निघाली. मस्कतहून युरोपला जाताना बिघडली, खलाशांची सुटका झाली आणि ती वाहत इकडे आली. ज्यांनी पाहिल्याबरोबर पोलिसांना कळवले त्यांनी अगदी योग्य केले. बोट कुणाची हे ठरवणे त्यांचे काम नव्हते.